विजेचा उपासक : मायकेल फॅरडे

थंडीच्या कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरचा सदरा अंगातून काढताना चटचट असा आवाज होतो व खोलीत अंधार असल्यास बारीक ठिणग्याही दिसतात. कोरड्या केसांतून फिरविलेली फणी कागदाचे कपटे उचलून घेते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावावा, तो बोटाला झटका बसतो. हे अनुभव कोणास नवे नाहीत. परंतु अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच्या पोटी निसर्गाचे केवढे रहस्य दडलेले असते, याचा विचार करणारे मात्र थोडेच.

घर्षणाने उत्पन्न होणाऱ्या या विजेस स्थिर विद्युत असे म्हणतात. एके काळी हा केवळ करमणुकीचा विषय होता. आज तो तसा राहिलेला नाही. संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणीचे संच यांच्या अंतरंगात ज्या सूक्ष्म चकत्या असतात, त्या अतिशय नाजूक असतात. बोटास झटका जाणवण्यास साधारणतः दोन-तीन हजार व्होल्टचा दाब लागतो. परंतु त्याहून पुष्कळ कमी दाबाने, म्हणजे आपणांस काहीच न जाणवता, अशी चकती कायमची निकामी होऊ शकते. अशा वेळी ही वीज कोठून येते, कोठे राहते आणि तिला वाट कशी करून द्यावी, हे जाणणे प्रत्येक घरास उपयुक्त आहे. हे ज्ञान ज्या थोर पुरुषांनी आपणांस दिले, त्यांत मायकेल फॅरडे यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे बोधप्रद चरित्र आम्ही वाचकांस येथे सादर करीत आहोत.

बालपण आणि उमेदवारी

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन या वस्तीत झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करीत. उत्तर इंग्लंडातील आपले गाव सोडून पोटासाठी ते लंडनला आले होते. प्रकृती नेहमी अस्वस्थ, त्यामुळे काम कधी होई, कधी राही. 1801 साली धान्य अतिशय महागले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्यास एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शाळा म्हणावी तर लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढीच. आई मार्गारेट मोठ्या धीराची बाई होती. घरात दारिद्र्य होते, पण कुरकुर नव्हती.

तेरावे वर्ष लागताच मायकेल जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचविण्याच्या कामास लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे. ते एका घरी वाचून झाले म्हणजे तेथून उचलून दुसऱ्या घरी न्यावे लागे. मुलाचा प्रामाणिकपणा पाहून रीबो यांनी 1805 साली त्यास पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी वडिलांनी रक्कम भरावी अशी तेथे रीत होती. रीबो यांनी ती घेतली नाही. त्यांच्या या उदारपणाचे ऋण पुढे साऱ्या जगावर राहिले.

पुस्तके बांधावयास येत, ती बहुतेकांच्या हातून बांधून निघून जात. मायकेल ती वाचीत असे. एके दिवशी विश्वकोशाचा एक खंड बांधावयास आला. त्यातील विद्युत या विषयावरील लेख त्याने वाचला आणि त्या विषयाने त्याच्या मनाची पकड घेतली. जेन मार्सेट या विदुषीने संभाषणाच्या रूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्यास असेच मिळाले. परंतु नुसते वाचून त्याचे समाधान होत नसे. पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे काय, हे आपल्या हातांनी करून पाहिल्याशिवाय त्यास चैन पडत नसे. साधनांसाठी पैसा नव्हता. तेव्हा त्याने काचेची बाटली आणि लाकडाचे तुकडे जमवून घर्षणाने वीज उत्पन्न करणारे एक यंत्र स्वतः तयार केले. 1812 साली त्याने अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे एकावर एक रचून बॅटरी केली व तिच्या योगाने एका क्षाराचे पृथक्करण करून दाखविले. आपल्या घरातील मीठ, नाणी आणि कागद यांच्या साहाय्याने एका विद्यार्थ्याने केलेला हा प्रयोग आहे. साधनांच्या अभावाची सबब सांगणाऱ्यांनी तो अवश्य ध्यानात ठेवावा.

दैव उघडले

शहरात टेटम नावाचे गृहस्थ विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. हा पैसा मायकेलच्या थोरल्या भावाने, रॉबर्टने, दिला. रॉबर्टही लोहारकामच करीत होता. धाकट्या भावाच्या ज्ञानासाठी आपल्या घामाचा शिलिंग काढून देणारा हा भाऊ चरित्रग्रंथांत एका ओळीचाच धनी होतो. आमच्या मते त्याची योग्यता मोठी आहे.

1812 साली रीबो यांच्या दुकानी येणाऱ्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हंफ्री डेव्ही, त्या काळचे सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने प्रत्येक शब्द मन लावून ऐकला, घरी येऊन टिपणे विस्ताराने लिहून काढली, आकृत्या रेखाटल्या आणि सुमारे तीनशे पानांचे ते पुस्तक स्वतःच्या हाताने बांधून डेव्ही यांजकडे पाठविले. सोबत, आपणांस विज्ञानाच्या सेवेत कोणतेही काम मिळावे, अशी विनंती केली. जागा रिकामी नव्हती. पण पुढे काही महिन्यांतच प्रयोगशाळेतील एका नोकरास कामावरून दूर करावे लागले आणि 1 मार्च 1813 रोजी मायकेलची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. राहण्यास संस्थेच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. बाटल्या धुणे, उपकरणे पुसणे, व्याख्यानाच्या वेळी साहित्य मांडणे, असे ते काम होते. पुस्तकबांधणीत अधिक कमाई झाली असती; परंतु त्यांनी ज्ञानाचे दार निवडले.

त्याच वर्षी डेव्ही हे युरोपच्या प्रवासास निघाले व त्यांनी फॅरडे यांस बरोबर नेले. हा प्रवास दीड वर्ष चालला. पॅरिसमध्ये अँपिअर, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा, अशा थोरांचे दर्शन त्यांस घडले. पण या प्रवासात त्यांस डेव्ही यांच्या खासगी नोकराचेही काम करावे लागले आणि डेव्ही यांच्या पत्नीने त्यांस नोकरासारखेच वागविले. मानी तरुणास हे जाचले. परत फिरावे असेही त्यांच्या मनात आले. तथापि शिकण्याची संधी दुखावलेल्या मनापेक्षा मोठी आहे, असा विचार करून ते राहिले. पुढे 1823 साली रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून फॅरडे यांचे नाव पुढे आले, तेव्हा स्वतः डेव्ही यांनी विरोध केला; तरीही फॅरडे निवडून आले आणि गुरूविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

शोधांची मालिका

1821 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. जूनमध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सप्टेंबरात, वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरू शकते, असे त्यांनी दाखविले. आजच्या विजेच्या पंख्यापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सर्व मोटारींचे मूळ या प्रयोगात आहे. 1825 साली त्यांनी बेंझीन हे द्रव्य शोधून काढले. 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर तारांची दोन वेटोळी गुंडाळून एकीतील प्रवाह सुरू वा बंद केला असता दुसरीत क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, हे त्यांनी पाहिले. आणि ऑक्टोबरात नुसता चुंबक वेटोळ्यात सरकवूनही वीज निर्माण करून दाखविली. धरणावरील अजस्र जनित्र असो वा खांबावरील रोहित्र असो, दोन्हींची जन्मकथा हीच. याच सुमारास, 6 जानेवारी 1832 रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी आपले दर्पण पत्र सुरू केले. पुढे 1840 साली त्यांनी दिग्दर्शन मासिक काढून मराठी वाचकांस विज्ञानाची गोडी लावण्याचा यत्न केला. पूर्वेस व पश्चिमेस एकाच काळी ज्ञानाचे दिवे लावले जात होते, हे पाहून मन प्रसन्न होते.

या शोधांची कथा अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. म्हणून तिचा विस्तार न करता, ज्या विषयाने आम्ही प्रारंभ केला त्या स्थिर विजेसंबंधीचे त्यांचे कार्य आम्ही थोडे सविस्तर सांगू.

घर्षणाची वीज आणि पृथ्वीची वाट

तृणमणी घासला असता तो गवताची काडी ओढून घेतो, हे प्राचीन ग्रीक लोकांस ठाऊक होते. त्या मण्याच्या ग्रीक नावावरूनच विजेचे इंग्रजी नाव पडले. पण घासल्याने येणारी ही वीज आणि व्होल्टा यांच्या बॅटरीतील वीज एकच, की निरनिराळ्या, याविषयी फॅरडे यांच्या काळी विद्वानांत मतभेद होते. 1833 साली फॅरडे यांनी या प्रश्नाचा निकाल लावला. एका मोठ्या घर्षणयंत्राची वीज त्यांनी विशिष्ट क्षाराच्या द्रावणात भिजविलेल्या कागदातून सोडली. बॅटरीच्या विजेने होतो तोच रासायनिक फेरबदल तेथेही झाला. चुंबकसुईही तशीच हलली. अर्थात वीज एकच. फरक तो तिच्या राशीचा व दाबाचा. स्वेटरमधील ठिणगी, आकाशातील सौदामिनी आणि दिव्यातील प्रवाह ही एकाच शक्तीची रूपे आहेत.

या प्रयोगांत एक अडचण होती. यंत्रात साठलेली वीज पूर्णपणे वाहून जावी यासाठी तिला पृथ्वीशी जोडणे आवश्यक होते. फॅरडे यांनी एक जाड तार घेतली, ती घरातील गॅसच्या धातूच्या नळांस जोडली. ते नळ लंडन शहराच्या गॅसच्या नळांस जोडलेले होतेच. शिवाय ती पाण्याच्या धातूच्या नळांसही जोडली. अशा रीतीने अवघ्या शहराखाली पसरलेले नळांचे जाळे त्यांनी आपल्या प्रयोगशाळेचे एक उपकरण केले. आपल्या घरातील तीन पायांच्या प्लगमधील जाड पाय हेच काम करतो. यंत्राच्या आवरणावर चुकून आलेली वीज तो निमूटपणे जमिनीत पोहोचवितो. हा तिसरा पाय मोडून किंवा कापून टाकणारे लोक आपल्या घराचा राखणदार हाकलून देतात, असेच आम्ही म्हणू.

विजेचा पिंजरा

1836 सालच्या जानेवारी महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात एक विलक्षण दृश्य दिसले. फॅरडे यांनी बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि बारा फूट उंच अशी एक पोकळ खोली उभारली. सांगाडा हलक्या लाकडाचा. त्यावर तांब्याच्या तारा, कागद आणि कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या. ही खोली जमिनीपासून अलग राहील अशी व्यवस्था केली होती. मग मोठ्या विद्युत यंत्राने तिला इतका विद्युतभार दिला की तिच्या बाहेरील अंगातून ठिणग्या आणि प्रकाशाचे झोत उडू लागले. त्या वेळी आत कोण होते? स्वतः फॅरडे! पेटत्या मेणबत्त्या व विद्युतभार ओळखणारी नाजूक उपकरणे घेऊन ते आत शिरले होते. बाहेर विजेचे थैमान चालले असता आत उपकरणाचा एक पापुद्राही हलला नाही.

या प्रयोगावरून एक मोठे तत्त्व सिद्ध झाले. पोकळ वाहकास दिलेला विद्युतभार त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो. आतील जागा सुरक्षित असते. आज अशा रचनेस फॅरडे यांच्याच नावाने ओळखतात. वीज कोसळली असता बंद मोटारगाडीत किंवा आगगाडीच्या डब्यात बसलेला मनुष्य बहुधा सुखरूप राहतो, तो या तत्त्वामुळे. संगणकाचे सुटे भाग ज्या रुपेरी पिशव्यांतून येतात, त्यांच्या अंगावर धातूचा पातळ थर असतो. ती पिशवी म्हणजे फॅरडे यांच्या बारा फुटी खोलीचे चिमुकले बाळच होय.

1843 साली त्यांनी याच विषयावर आणखी एक प्रयोग केला, आणि तोही बर्फ ठेवण्याच्या घरगुती बादलीने. बादली साडेदहा इंच उंच आणि सात इंच व्यासाची, कथिलमिश्र धातूची होती. तिच्या बाहेरील अंगास सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शक तारेने जोडला. मग कोरड्या पांढऱ्या रेशमी धाग्याने टांगलेला, विद्युतभार असलेला पितळी गोळा त्यांनी बादलीत सोडला. गोळा बादलीस न लागताही विद्युतदर्शकाची पाने फाकली. गोळा तळाशी टेकला, तरी ती तितकीच फाकलेली राहिली. म्हणजे गोळ्यावर जितका भार होता, तितकाच त्याने बाहेरील अंगावर प्रवर्तित केला होता. कमी नाही, अधिक नाही. विजेचा हिशेब सावकाराच्या वहीसारखा काटेकोर असतो, हे एका साध्या बादलीने जगास शिकविले.

लोकांसाठी विज्ञान

फॅरडे यांनी आपले ज्ञान कधी लपवून ठेवले नाही. संस्थेत शुक्रवारी सायंकाळी होणारी व्याख्याने त्यांनी सुरू केली. नाताळच्या सुट्टीत खास मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला त्यांनी 1827 पासून 1861 पर्यंत गुंफल्या. शेवटची माला एका मेणबत्तीविषयी होती. मेणबत्ती का जळते, ज्योत पिवळी का दिसते, जळाल्यावर मेण कोठे जाते, एवढ्या साध्या प्रश्नांतून त्यांनी मुलांपुढे सारे रसायनशास्त्र उलगडून ठेवले.

28 सप्टेंबर 1844 रोजी हॅस्वेल येथील कोळशाच्या खाणीत भयंकर स्फोट होऊन 95 माणसे व मुले मृत्यू पावली. सरकारने चौकशीसाठी फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ लायल यांस पाठविले. खाणीत साचणाऱ्या वायूबरोबरच हवेत उडालेली कोळशाची बारीक भुकटीही आगीस भयंकर रूप देते, हे त्यांनी आपल्या अहवालात निदर्शनास आणले. पीठ, साखर यांची हवेत तरंगणारी बारीक भुकटीही ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. बारडोलीच्या परिसरात उसाचे मळे आहेत आणि सहकारी साखर कारखाना आहे. अशा उद्योगांत यंत्रे जमिनीशी जोडून स्थिर विजेस वाट करून देणे आणि भुकटी साचू न देणे, यावर कामगारांचे प्राण अवलंबून असतात. ज्या मुलांचे वडील वा काका अशा ठिकाणी काम करीत असतील, त्यांस ही गोष्ट पुस्तकातील धडा वाटणार नाही.

1853 च्या सुमारास लंडनमध्ये एक खूळ पसरले. लोक मेजाभोवती बसत, त्यावर हात ठेवीत, आणि मेज आपोआप फिरू लागे. कोणी म्हणत ही प्रेतात्म्यांची करणी, कोणी म्हणत विजेची. फॅरडे यांनी कोणाची थट्टा न करता एक साधे उपकरण बनविले आणि बसलेल्या माणसांचे हातच, त्यांच्या नकळत, मेजास ढकलीत असतात, हे उघड करून दाखविले. स्वतः श्रद्धाळू असूनही त्यांनी भोळेपणास थारा दिला नाही. न समजलेल्या गोष्टीस विजेचे किंवा भुताचे नाव देऊन मोकळे होणे सोपे असते. ती तपासून पाहणे कठीण असते.

स्वभाव आणि अखेर

त्यांचे गणित कच्चे होते. उच्च गणिताची एक ओळही त्यांच्या ग्रंथांत सापडणे कठीण. ही उणीव त्यांनी सूक्ष्म निरीक्षणाने आणि चित्रमय कल्पनेने भरून काढली. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला असता ज्या रेषा दिसतात, त्यांवरून त्यांनी शक्तिरेषांची कल्पना मांडली. पुढे मॅक्सवेल यांनी तिला गणिताचा पोशाख चढविला आणि त्यातूनच बिनतारी संदेशाचे युग उगवले. स्मरणशक्तीही त्यांस दगा देई. डोकेदुखी व घेरी येण्याचा विकार जडला होता. 1840 च्या सुमारास तर काही काळ संशोधन जवळजवळ थांबवावे लागले. म्हणून प्रत्येक निरीक्षण ते क्रमांक घालून रोजनिशीत लिहीत. असे सोळा हजारांहून अधिक परिच्छेद त्यांनी मागे ठेवले आहेत. आपल्या दुबळेपणाची जाणीव असणे आणि त्यावर नियमाने उपाय करणे, हेही एक प्रकारचे सामर्थ्यच होय.

मानसन्मान त्यांनी हौसेने मिळविले नाहीत. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता त्यांनी नाकारले. सर हा किताबही त्यांस नको होता. साधा मायकेल फॅरडे म्हणूनच मरण्यात त्यांस धन्यता वाटत होती. आपल्या शोधांचे एकस्व घेऊन ते अपार धनिक झाले असते. पण तो मार्ग त्यांनी पत्करला नाही. 1836 पासून सुमारे तीस वर्षे दीपगृहांच्या प्रकाशाची व्यवस्था सुधारण्याचे काम करताना, उतारवयातही ते थंडीवाऱ्यात समुद्रकिनाऱ्यावर जात. त्यांस मूलबाळ नव्हते. परंतु ज्यांस त्यांनी विज्ञानाची गोडी लावली त्या मुलांची गणती कोण करील? 1858 साली राणी व्हिक्टोरियाने त्यांस हॅम्प्टन कोर्ट येथे राहण्यास घर दिले. तेथेच 25 ऑगस्ट 1867 रोजी, आपल्या अभ्यासिकेतील खुर्चीत बसले असता, त्यांनी शांतपणे देह ठेवला. विद्युतभार साठविण्याच्या क्षमतेच्या एककास त्यांच्या नावावरून फॅरड असे म्हणतात.

आपल्या घरी

चरित्र वाचून नमस्कार करावा आणि पुस्तक मिटावे, हे फॅरडे यांस आवडले नसते. म्हणून त्यांच्या शिकवणीतून आपल्या घरासाठी काय निघते, तेही पाहू.

मिंढोळा नदीच्या काठचे हे बारडोली गाव 1928 च्या सत्याग्रहाने अमर झाले. येथील स्वराज आश्रमाशी खादीचे नाते जडलेले आहे. तर शेजारचे सुरत शहर कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी प्रसिद्ध असून तेथील मागांवर मराठी घरांतील कितीतरी हात काम करतात. स्थिर विजेच्या दृष्टीने ही दोन वस्त्रे परस्परविरुद्ध स्वभावाची आहेत. सूत हवेतील ओलावा धरून ठेवते. त्या ओलाव्यातून विद्युतभार हळूहळू वाहून जातो. पॉलिएस्टर व नायलॉन ओलावा फारसा धरीत नाहीत. त्यामुळे भार त्यांवर साचून राहतो. म्हणूनच कापडाच्या गिरण्यांत हवा दमट राखतात आणि भार काढून घेणाऱ्या दांड्या यंत्रांस बसवितात. संगणक उघडून काम करावयाचे असेल, तर अंगात सुती कपडे असावेत व पायाखाली नायलॉनचा गालिचा नसावा, हा पहिला नियम.

दुसरा नियम स्पर्शाचा. संगणकाच्या आतील भागास हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून प्लग काढावा आणि पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस बोट लावावे; म्हणजे आपल्या अंगावरील भार पेटीत वाटला जाऊन दोहोंचा दाब सारखा होतो. काम चालू असता मधून मधून असे करीत राहावे. लंडनचे नळ धातूचे होते म्हणून फॅरडे यांस ते उपयोगी पडले. हल्ली पुष्कळ घरांत नळ प्लॅस्टिकचे असतात, तेव्हा नळास हात लावून निश्चिंत होऊ नये. भिंतीतील प्लगच्या भोकांत तार घालण्याचे धाडस तर कोणीही, कधीही करू नये.

तिसरा नियम ओलाव्याचा. थंडीच्या कोरड्या दिवसांत खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पसरट भांड्यात पाणी भरून यंत्रापासून दूर ठेवावे. हवा थोडी दमट झाली की झटके कमी होतात. धूळ झटकण्यासाठी पडद्यावर कोरडे पॉलिएस्टरचे फडके घासू नये. त्याने भार वाढून धूळ अधिकच चिकटते. यंत्र बंद करून, घट्ट पिळलेल्या मऊ सुती फडक्याने हलकेच पुसावे. कपडे मऊ करण्यासाठी धुण्याच्या शेवटी जे द्रव घालतात, ते ओलावा ओढून घेणारे असते. ते भरपूर पाण्यात मिसळून गालिचावर किंवा खुर्चीच्या आच्छादनावर हलके शिंपडून वाळू द्यावे. यंत्रावर मात्र त्याचा थेंबही पडू देऊ नये.

चौथा नियम साठवणीचा. सुटे भाग साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अथवा थर्मोकोलात ठेवू नयेत. घर्षणाने तेथेच वीज उत्पन्न होते. ज्या रुपेरी पिशवीतून ते आले, तीच जपून ठेवावी. ती नसेल तर पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद वापरता येतो. मात्र त्या भागावर लहानशी बॅटरी बसविलेली असल्यास असे करू नये, कारण धातूच्या कागदाने तिची दोन्ही टोके जोडली जातील.

हे चारही नियम स्वयंपाकघरातील व कपाटातील वस्तूंनी पाळता येतात. त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागत नाही. कारण समजून घेण्याची इच्छा तेवढी लागते.

आमच्या विद्यार्थ्यांत अनेकांच्या घरी कष्टाची कामे आहेत. कोणाचे वडील मागावर उभे असतात, कोणी कारखान्यात पाळी करतात, कोणाच्या आई घरी शिवणकाम करून संसारास हातभार लावतात. पुस्तकांस, उपकरणांस पैसा पुरत नाही, ही खंत आम्ही ऐकत असतो आणि ती खोटी नाही. परंतु लोहाराच्या घरी जन्मलेल्या, शाळा अर्ध्यात सोडाव्या लागलेल्या, गणितात मागे राहिलेल्या एका मुलाने काचेची बाटली, सात नाणी आणि एक बादली घेऊन निसर्गास प्रश्न विचारले आणि निसर्गाने त्यास उत्तरे दिली. निसर्ग प्रश्न विचारणाऱ्याचे कूळ विचारीत नाही, की त्याच्या खिशात काय आहे हेही पाहत नाही. चिकाटी आणि सचोटी एवढीच त्याची फी. ती भरण्याची ऐपत प्रत्येकास आहे. येत्या हिवाळ्यात बोटास झटका बसेल, तेव्हा हात झटकून मोकळे न होता तो का बसला याचा शोध आमचे विद्यार्थी घेतील, तर या थोर उपासकाचे स्मरण केल्यासारखे होईल.